'इंडिजिनस', 'सेटलर', 'रेसिडेन्शियल स्कूल': मुलांना मराठीत कसं सांगावं?

प्रश्न:
कॅनडातल्या ओंटॅरिओत आम्ही काही पालक रविवारची मराठी शाळा चालवतो. ३० सप्टेंबरला मुलं त्यांच्या रोजच्या शाळेत नारिंगी शर्ट घालून जातात, इथल्या 'रेसिडेन्शियल स्कूल'मध्ये सक्तीने नेलेल्या आदिवासी मुलांच्या आठवणीसाठी. तो का घालायचा हे त्यांना इंग्रजीत नीट सांगता येतं, पण भारतातल्या आजीला फोनवर सांगताना अडतात. म्हणून मराठीत एक पाठ तयार करतो आहोत. सध्या 'इंडिजिनस'साठी 'मूलनिवासी' आणि 'रेसिडेन्शियल स्कूल'साठी 'आश्रमशाळा' हे शब्द घेतले आहेत. बरोबर आहेत का?

प्रतिसाद:
'आश्रमशाळा' कृपया काढा. आजीच्या डोळ्यांसमोर नंदुरबार-गडचिरोलीकडची, राहण्या-जेवण्याची सोय असलेली शाळा येईल. कॅनडातल्या त्या शाळा सरकारच्या पैशावर चर्च चालवत असे, आणि मुलांची भाषा, श्रद्धा, घरचं वळण मोडून काढणं हाच त्यांचा हेतू होता. १९२० साली इंडियन ॲक्टमध्ये दुरुस्ती करून सरकारने ७ ते १५ वर्षांच्या मुलांना सक्तीने नेण्याचा अधिकार घेतला. मुलांचे केस कापत, घरची भाषा तोंडून निघाली की मारत. अशा शाळांत सुमारे दीड लाख मुलांना ठेवलं. त्यांतल्या ४,००० हून अधिक मुलांच्या मृत्यूची नोंद आजवर झाली आहे. शेवटच्या शाळा १९९०च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे तिथे शिकलेली माणसं आज हयात आहेत.

'सक्तीच्या निवासी शाळा' असं लिहा. क्रियापदंही तपासा. 'मुलं शाळेत गेली' असं नको, 'मुलांना नेलं' हवं, आणि कोणी नेलं तेही त्याच वाक्यात यावं.

'मूलनिवासी' अर्थाने जवळचा आहे, पण महाराष्ट्रात त्याला बहुजन चळवळीचा स्वतःचा संदर्भ आहे. 'आदिवासी' आजीला लगेच कळेल. तो जरूर वापरा, पण आधी त्या लोकांचं स्वतःचं नाव येऊ द्या: क्री, ओजिब्वे, मोहॉक, हैदा, इनुइट. 'रेड इंडियन' जुन्या मराठी पुस्तकांत सर्रास दिसतो, तो अजिबात नको. 'इंडियन ॲक्ट' हे नाव मात्र तसंच ठेवा आणि हा १८७६चा कॅनडाचा कायदा आहे, भारताशी त्याचा संबंध नाही, हे मुलांना सांगा.

प्रतिसाद:
आश्रमशाळेबद्दल सहमत नाही. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाच्या हाती मराठी पुस्तक येतं. त्याची भाषाही शाळेबाहेरच राहते. शब्द टाळून आपल्याकडचं दुखणं झाकायचं का?

प्रतिसाद:
झाकायचं नाही. तो प्रश्न पाठात घ्याच, मुलांनी तो विचारायलाच हवा. पण दोन्हीकडे एकच शब्द वापरला, तर कायद्याच्या जोरावर आईबापांपासून मूल तोडणं ही गोष्ट नजरेआड होते. आपल्याकडचं वसाहतकाळातलं उदाहरण हवं असेल तर १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा घ्या. त्याखाली गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची कुटुंबंच्या कुटुंबं सोलापूरला तारेच्या कुंपणात डांबली होती. त्या वस्तीचं नावच 'सेटलमेंट' पडलं. कायदा १९५२ साली रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या.

'सेटलर'चं कोडं अवघड आहे. 'वसाहत' म्हटलं की मुलांना पोलीस वसाहत किंवा औद्योगिक वसाहत आठवेल. 'वसाहतवाद' म्हटलं की पालकांना इंग्रजी राज आठवेल: आले, महसूल नेला, १९४७ साली गेले. कॅनडात आलेले परत गेलेच नाहीत, त्यांनी जमीनच घेतली. म्हणून एका शब्दाचा हट्ट सोडून 'जमीन बळकावून तिथेच वसलेले' असं उलगडून लिहा. मग आपलं घर कोणाच्या जमिनीवर आहे, असं एखादं मूल विचारेल. त्याला टाळू नका, आपल्या गावाच्या जागेवर आधी कोण राहत होतं ते त्याच्याबरोबर शोधा.

प्रतिसाद:
'ट्रीटी'ला 'करार' म्हणू नका, 'तह' म्हणा. करार भाडेकरूशीही होतो. तह दोन सत्तांमध्ये होतो, सालबाईचा किंवा वसईचा झाला तसा. १८७१ ते १९२१ या काळात ब्रिटिश राजसत्तेने कॅनडातल्या आदिवासी राष्ट्रांशी ११ क्रमांकित तह केले. सरकारी कागदात जमीन कायमची सोडून दिल्याचं लिहिलं आहे. त्या राष्ट्रांतली वडीलधारी माणसं मात्र सांगत आली आहेत की ठरलं होतं ते जमीन दोघांनी मिळून वापरायचं. पाठात या दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवा.