लस टोचलेला सामन (सॅल्मन) मासा उवा लागल्यावर का दगावतो?

प्रश्न : भीमाकाठ

नमस्कार. मी सोलापुरात प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि घरचे लोक उजनी जलाशयात पिंजऱ्यांतून मासे वाढवतात. चर्चासत्रासाठी मी चिलीमधील सामन शेतीचा विषय घेतला आहे. तेथे कॅलिगस रॉजरक्रेसेई ही सागरी ऊ (माशांवर जगणारा कवचधारी परजीवी) आणि पिसिरिकेट्सिया साल्मोनिस हा जिवाणू एकाच माशाला ग्रासतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, या जिवाणूविरुद्ध लस दिलेल्या अटलांटिक सामनांना उवाही लागल्यावर लशीचे संरक्षण बहुतांशी निष्प्रभ ठरल्याचे दिसले. ऊ कातडीवर बसते, जिवाणू शरीरात असतो. मग जखमेतून जिवाणू शिरतो एवढेच कारण मानावे का?

उत्तर : जुना प्राध्यापक

जखम हे कारण खरे, पण अपुरे आहे. लस जखम बुजवण्यासाठी नसते. जिवाणू आत शिरल्यावरच तिचे काम सुरू होते आणि नेमके तेच काम येथे बिघडलेले दिसते.

पिसिरिकेट्सिया हा पेशींच्या आत राहणारा जिवाणू आहे. ज्या भक्षक पेशींनी त्याला गिळून संपवायचे, त्यांच्यातच तो तग धरतो आणि वाढतो. त्यामुळे रक्तात नुसती प्रतिपिंडे असून भागत नाही. संसर्ग झालेल्या पेशीच हेरून मारणारा पेशीजन्य प्रतिसाद लागतो. उवा लागलेल्या माशात मात्र कातडीची दुरुस्ती, दाह आणि ताण हे सारे एकाच वेळी चालू असते; ताणामुळे वाढलेले कॉर्टिसॉल हे संप्रेरक प्रतिकारशक्तीला लगाम घालते. उत्तर गोलार्धातील सामनावरची ऊ, लेपिओफ्थिरस साल्मोनिस, तर लाळेतून प्रोस्टाग्लँडिन ई2 हे संप्रेरकासारखे द्रव्य आणि ट्रिप्सिनसारखी विकरे सोडून यजमानाचा दाह दाबते, हे ज्ञात आहे.

कोहो या सामनाच्या दुसऱ्या जातीचे उदाहरण चर्चासत्रात अवश्य घ्या. त्याच्या कातडीत ऊ चिकटलेल्या जागी जोरदार दाह होतो, बाह्यत्वचा जाड होते आणि बऱ्याच उवा काही दिवसांतच गळून पडतात. अटलांटिक सामनाचा प्रतिसाद त्या मानाने फिका असतो. उपद्रव तोच, पण जात बदलली की निकाल बदलतो.

उत्तर : पिंजरावाला

ताई, सामन आम्ही पाहिलेला नाही, परंतु रोहूवरची ऊ, म्हणजे आर्ग्युलस, आमच्या ओळखीची आहे. ती लागली की मासे जाळीला अंग घासतात, पाठोपाठ लाल ठिपके आणि जखमा दिसू लागतात व आम्ही जखमेवरच औषध शोधत बसतो. ती कठीण पृष्ठभागावर अंडी घालते, म्हणून आम्ही पाण्यात लाकडी फळ्या सोडून ठरावीक दिवसांनी काढतो आणि कडक उन्हात वाळवतो. सोलापूरच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग!

उत्तर : जुना प्राध्यापक

फळ्यांचा उपाय शास्त्रशुद्ध आहे. मात्र एक सावधगिरी हवी. तुमच्याकडचे लाल ठिपके बहुधा एरोमोनाससारख्या जिवाणूंचे असतील, जे प्रामुख्याने पेशींच्या बाहेर वाढतात. म्हणून चिलीतील निष्कर्ष रोहूला जसाच्या तसा लावू नये. शिवाय मासा शीतरक्ताचा असल्याने प्रतिपिंडे तयार होण्याचा वेग पाण्याच्या तापमानावर ठरतो. सामनाच्या लशीचा कालावधी यासाठीच अंश-दिवसांत मोजतात: 10 अंशांच्या पाण्यात 40 दिवस म्हणजे 400 अंश-दिवस. उजनीच्या कोमट पाण्यात मासा प्रतिसाद लवकर देईल, पण ऊही तितक्याच लवकर वाढेल.

भीमाकाठ

सर, भाऊ, आपले आभार. लशीची चाचणी निरोगी, उवा नसलेल्या माशांवर घेतली तर शेतीतील परिणाम फुगलेला दिसतो, हा मुद्दा मी आता चर्चासत्राच्या मध्यभागी ठेवते. घरी मात्र आज बाबांना फळ्या सोडायला सांगितले आहे. बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) सोडण्यापूर्वी प्रत्येक खेपेतील काही मासे भिंगाखाली पाहायचे ठरवले आहे. कल्ल्यांच्या आतल्या बाजूलाही ऊ शोधावी का, एवढे सांगावे.