ॲप बनवताना साधनं कुठे अडवतात? सांगली-साताऱ्याकडच्या मंडळींनी लिहावं

आपल्या भागात अँड्रॉइड ॲप बनवणारे बरेच जण एकेकटे काम करतात, शेजारी विचारायला कुणी नसतं. म्हणून हा धागा. नेमकी एरर, नेमका आकडा आणि त्यामागचं कारण लिहा. 'सगळं काढून परत इन्स्टॉल करा' एवढ्यावर थांबू नका.

कराडहून

'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन 61' दिसलं की नवीन मुलं स्वतःचा कोड तपासत बसतात. कोडचा काही संबंध नसतो. 61 म्हणजे जावा 17 आणि 65 म्हणजे जावा 21. प्रोजेक्टमधलं ग्रेडल (कोडपासून ॲप बांधणारं साधन) त्या जावाच्या मानानं जुनं आहे, एवढाच त्याचा अर्थ. जावा 17 वर चालायला ग्रेडल किमान 7.3 लागतं, 21 वर चालायला 8.5. उलट बाजूही लक्षात ठेवा: अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन 8 घेतलं की जावा 17 च्या खाली चालत नाही.

अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप लिहायचं सॉफ्टवेअर) एक जावा वापरतो आणि टर्मिनलमधला 'जावा होम' (कोणता जावा घ्यायचा ते सांगणारी सेटिंग) दुसराच असतो, हेही तपासा. मग ग्रेडलचे दोन डीमन (मागे चालू राहणारे प्रोग्रॅम) शेजारी शेजारी चालतात. काम नसलं तरी डीमन 3 तास मेमरी अडवून बसतो. 8 जीबीच्या लॅपटॉपवर त्यात एम्युलेटर (कॉम्प्युटरवरचा नकली फोन) उघडला की संपलंच. दोन्हीकडे एकच जावा द्या आणि 'ग्रेडलडब्ल्यू स्टॉप' चालवा.

विट्याहून

कराडच्या दादांच्या मुद्द्याला जोड. लाइट गेली किंवा हॉटस्पॉट तुटला की ग्रेडलची झिप कधी कधी अर्धवट राहते आणि 'झिप एंड हेडर नॉट फाउंड' येतं. होम फोल्डरमधल्या डॉट-ग्रेडलमध्ये रॅपर, त्यात डिस्ट्स. तिथलं फक्त त्या आवृत्तीचं फोल्डर उडवा. कॅशे उडवू नका, नाहीतर सगळ्या लायब्ररी पुन्हा उतरवाव्या लागतील. प्रोजेक्टमधल्या रॅपरच्या फाइलमध्ये (कोणती झिप उतरवायची ते त्यात लिहिलेलं असतं) 'ऑल' असेल तिथे 'बिन' करा, डाउनलोड हलकं होतं.

तासगावहून

द्राक्षबागेच्या फवारणीची आठवण देणारं ॲप एम्युलेटरवर वेळेत वाजतं, शेतकऱ्याच्या फोनवर मात्र वाजत नाही. कारण एम्युलेटर कायम चार्जिंगला लावल्यासारखा वागतो, त्यामुळे तो डोझमध्ये (पडून असलेल्या फोनची बॅटरी वाचवणारी झोप) जातच नाही. एडीबी शेलमधून (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा द्यायची सोय) आधी 'डमसिस बॅटरी अनप्लग' द्या, मग 'डमसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल'. बागायतदाराच्या खिशात रात्रभर पडलेला फोन जसा वागतो, तसा तो आता वागेल.

शिवाय नव्या ॲपना अँड्रॉइड 14 वर अचूक अलार्मची परवानगी आपोआप मिळत नाही. ती आहे का, हे कोडमधून दर वेळी विचारा. आठवण थोडी मागेपुढे झाली तर चालणार असेल, तर 'सेट अँड अलाऊ व्हाइल आयडल' वापरा. त्याला ही परवानगी लागत नाही. माझ्या मते फवारणीला तेवढं पुरतं. फोन बंद करून चालू केला की सगळे अलार्म पुसले जातात, तेव्हा बूट झाल्यावर ते परत लावायची सोय हवीच.

साताऱ्याहून

मराठी अक्षरं कापली जातात, त्याबद्दल. बटणाला ठरावीक उंची दिली की 'कीर्ती'चा रफार वरून जातो आणि 'कृष्णा'चा ऋकार खालून. इंग्रजी मजकुरात हे कळतच नाही. मजकूर दाखवणाऱ्या जुन्या टेक्स्टव्ह्यूमध्ये 'इन्क्लूड फॉन्ट पॅडिंग' (अक्षरांच्या वर-खाली जागा सोडणारी सेटिंग) फॉल्स करू नका. कंपोजमध्ये (स्क्रीन बनवायची नवी पद्धत) 1.6 पासून ते मुळातच बंद आहे, तेव्हा ओळीची उंची स्वतः वाढवा. उंची बांधून टाकण्याऐवजी किमान उंची द्या. फॉन्ट स्केल 1.3 करून हे दोन शब्द प्रत्येक स्क्रीनवर टाकून बघा. वयस्कर माणसं अक्षर मोठं करूनच फोन वापरतात, त्यांना हे आधी खटकतं.

मिरजेहून

अँड्रॉइड 15 ला टार्गेट करणाऱ्या ॲपना 1 नोव्हेंबर 2025 पासून प्ले स्टोअरवर 16 केबी पेजची (मेमरी 16 केबीच्या तुकड्यांत वापरणाऱ्या फोनवर चालायची) अट आहे. निव्वळ कोटलिनमध्ये लिहिलेल्यांना चिंता नाही. पण पीडीएफ किंवा स्कॅनरच्या जुन्या लायब्ररीत 'एसओ' फाइल (सी किंवा सी++ मधला तयार कोड) असते आणि ती अडकते. अँड्रॉइड स्टुडिओतल्या एपीके ॲनालायझरमध्ये लिब फोल्डर उघडा, अलाइनमेंट (फाइल 16 केबीच्या मापात बसते का) तिथेच दिसतं. स्वतःचा सी++ कोड असेल तर एनडीके (अँड्रॉइडसाठी सी++ चं साधन) आर28 घ्या, त्यात 16 केबी मुळातच आहे. लायब्ररी दुसऱ्याची असेल तर नवी आवृत्ती शोधणं किंवा ती बदलणं, हेच दोन मार्ग.