अनुभव धागा: पिकअप कुठं तापली, इंजिन खोलल्यावर काय निघालं?

एप्रिल लागला की कसारा घाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या पिकअप दिसायला लागतात. चाकाला दगड, ड्रायव्हरच्या हातात पाण्याचा कॅन. मुंबईहून नाशिककडे चढताना हौदा भरलेला, पुढं एखादा कंटेनर रांगतोय, दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नाही. इंजिन पूर्ण जोर लावतंय आणि समोरून वारा मात्र नाही. अशा वेळी सगळी भिस्त पंख्यावर आणि रेडिएटरमधल्या पाण्यावर.

आमच्या मार्केटातल्या दोन गाड्यांची इंजिनं नुकतीच खोलावी लागली. दोघेही मालक म्हणतात, "एकदम गरम झाली हो." खोदून विचारलं तर कळलं, पाणी महिनाभर कमी होत होतं आणि रोज सकाळी वरून ओतलं जात होतं. ते जातंय कुठं, हे कुणी बघितलं नाही. म्हणून हा धागा. गाडी कुठल्या मालाला आहे, तापमानाचा काटा चढायच्या आधी काय दिसलं आणि शेवटी काय निघालं, एवढं लिहा. कंपन्यांची नावं नकोत. त्यावरून भांडणं लागतात आणि मूळ गोष्ट बाजूला राहते.

देवगड, आंबा वाहतूक

आमची गाडी हंगामात हापूसच्या पेट्या घेऊन कोल्हापूरला जाते, कधी फोंडा घाटातून, कधी करूळ घाटातून गगनबावड्याला चढून. तक्रार अशी की खाली तळेऱ्यापर्यंत काटा जागचा हलायचा नाही, घाट लागला की चढायचा आणि वर सपाटीला आलो की पुन्हा खाली. इकडच्या मेस्त्रीने रेडिएटर काढून साफ केला, मग वॉटर पंप बदलला. फरक शून्य. शेवटी कोल्हापुरात एका म्हाताऱ्या मेस्त्रीकाकांनी गरम गाडी बंद करायला लावली आणि पंखा हाताने फिरवला. भिरभिर फिरत राहिला. म्हणाले, "ह्यो गरम असताना जड फिराय पायजे." पंख्याच्या मध्यावर तेलकट चिकटा दिसत होता.

फॅन क्लचमधलं सिलिकॉन तेल गळून गेलं होतं. इंजिन तापलं की त्या तेलामुळे क्लच पकड घेतो आणि पंखा जोरात फिरतो. तेलच नाही, तर पंखा नुसता नावाला. सपाटीला गाडीच्या वेगाचा वारा भागवून नेतो, म्हणून तिथे कळत नाही. क्लच बदलला, विषय संपला. पण घाटातच तापते हे आम्ही पहिल्या दिवसापासून सांगत होतो, त्यावरून पंख्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये याचं नवल वाटतं.

संगमनेर, दूध संकलन

गाडी माझ्या नावावर आहे, हिशेब मी बघते, चालवायला ड्रायव्हर. अकोले तालुक्याच्या बाजूने दुधाचे कॅन गोळा करत पहाटे गाडी यायची. पाणी कमी होतंय हे मला ठाऊक होतं, कारण कूलंटचे (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या द्रवाचे) कॅन डायरीत चढत होते. दोन गॅरेजवाल्यांना सांगितलं. "ताई, खाली गळत नाही ना? मग काळजी नका करू." खाली गळत नाही म्हणूनच तर काळजी होती.

एका सकाळी काटा लालच्या जवळ गेला आणि थोड्या वेळात आपोआप खाली आला. ड्रायव्हरला वाटलं, सुटलो. त्याने गाडी तशीच पुढे दामटली आणि चढावर इंजिन करकरत बंद पडलं. मागाहून समजलं की तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरा आकडा देतो. पाणीच संपलं की तो वाफेत लटकतो आणि काटा खाली येतो. चढलेला काटा गाडी न थांबवता एकदम पडला, तर ती सगळ्यात वाईट बातमी.

खोललं तेव्हा हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं पॅकिंग) दोन सिलिंडरच्या मधे जळालेलं, हेड वाकलेलं, एक पिस्टन लाईनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला चिकटलेला. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. नंतरच्या मेस्त्रीदादांनी सांगितलं की महिनाभर आधी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून गाडी चालू केली असती आणि रेस दिली असती, तर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे दिसले असते. सिलिंडरमधला जाळ पाण्याच्या वाटेत घुसतो, त्याचे ते बुडबुडे. या तपासणीला एक पैसा लागत नाही, आणि आधीच्या दोघांपैकी एकानेही ती केली नव्हती.

सोलापूर, गॅरेज

वरच्या ताईंचं बरोबर आहे. माझ्याकडं येणाऱ्या तापलेल्या गाड्यांत दोन गोष्टी कायम सापडतात. पहिली, बोअरचं पाणी. आमच्याकडचं पाणी क्षाराचं, हंड्याला पांढरा थर बसतो तसाच रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडमध्ये बसतो. वरून रेडिएटर चकाचक दिसतो, आतल्या निम्म्या नळ्या बंद. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं टाका म्हटलं की मालक म्हणतो, "पाण्याला कोण पैसे देतं?" वाटेत अडलात तर मिळेल ते पाणी टाका, मी नाही म्हणत नाही. पण परत आल्यावर ते काढा.

दुसरी गोष्ट, रेडिएटरचं झाकण. ते साधारण 1 बार दाब धरतं, म्हणून आतलं पाणी 100 अंशाला न उकळता 120 च्या जवळपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की हा दाब राहत नाही, घाटात पाणी उकळून बाहेर फेकलं जातं आणि लोक रेडिएटर बदलायला निघतात. आधी झाकण बदलून बघा. आणि गरम गाडीचं झाकण उघडू नका. माझ्या हाताखालच्या पोराचा हात भाजलाय, बघून सांगतोय.

लासलगाव, कांदा

आमच्या भागात सगळ्यांनी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकलेत. गाडी गार राहते, कटकट नाही. उगाच भाग वाढवून ठेवलाय कंपनीने.

सोलापूर, गॅरेज

साहेब, गार राहते हेच दुखणं आहे. डिझेल इंजिनाला 80-90 अंशाची सवय. थंड चाललं की डिझेल जास्त पितं, लाईनर-रिंगा लवकर झिजतात. दुसरं म्हणजे काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा त्याचं मागचं टोक बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करतं. तोच काढला की बायपास कायम उघडा, बरंच पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतं. अशी गाडी सपाटीला थंड आणि घाटात गरम. खराब झालेला काढून वाटेतून घरी या, पण नवीन बसवा.

यवतमाळ, कापूस

आमच्याकडं पाणी बरोबर, पंखा बरोबर, तरी गाडी तापे. जिनिंगात गाडी उभी राहते, कापसाची रुई उडत राहते. एसीचा कंडेन्सर पुढं, रेडिएटर मागं, दोघांच्या मधात रुईची गादीच जमली होती. समोरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. रेडिएटर खाली उतरवला तेव्हा दिसलं. धुताना इंजिनाकडून बाहेरच्या बाजूनं पाणी मारा, अन् प्रेशर कमी ठेवा, नाहीतर पत्र्या वाकतात.

चिपळूण, किराणा पुरवठा

तापण्याचं नाही, पण इंजिन गेलं त्याचं लिहितो. 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या आळीतल्या गाड्या पाण्यात होत्या. पाणी ओसरल्यावर शेजारच्यांनी घाईने सेल्फ मारला. सिलिंडरमधे पाणी होतं, पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकला. आमची गाडी आम्ही टोचन करून नेली. इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढलं, ऑइल-फिल्टर बदलले, इंजिन वाचलं. विमावाल्यांचं म्हणणं असतं की पुरात बुडणं हे नुकसान, पण नंतर चालू करून मोडलं ते तुमचं. विम्यात इंजिन प्रोटेक्शन वेगळं घेतलं नसेल तर बहुतेक तिथेच अडतं.

डेन्व्हर, कोलोरॅडो

मी मूळचा साताऱ्याचा. इथे हेवी-ड्युटी डिझेल पिकअपला कॅम्पर ट्रेलर जोडून आम्ही डोंगरात जातो. आय-70 महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा 3,400 मीटर उंचीवर आहे आणि तिथवरचा चढ लांबलचक. एवढ्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे पंखा तेवढाच फिरला तरी थंडावा कमी. नेवाडाकडे जाताना वाळवंटातल्या चढांवर तर एसी बंद करा अशा सरकारी पाट्याच आहेत.

माझ्या गाडीचं कूलंट कमी व्हायचं, बाहेर गळती नाही, ऑइल स्वच्छ. हेड उघडायचं ठरलं होतं, तेवढ्यात एका मेकॅनिकने ईजीआर कूलर तपासायला सांगितला. एक्झॉस्टचा गरम वायू इंजिनात परत पाठवण्याआधी कूलंटने थंड करणारा तो भाग आतून फुटला होता, कूलंट एक्झॉस्टमधून पांढरी वाफ होऊन जात होतं. भारतातही अनेक बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचं मानक) डिझेल गाड्यांना हा कूलर असतो. संगमनेरच्या ताईंसारखी लक्षणं असतील, तर हेड उतरवायच्या आधी हा बघून घ्या.

धागाकर्ता

सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही, मीसुद्धा नाही. वजन. दीड टन पासिंगच्या (कागदावर तेवढाच माल मंजूर असलेल्या) गाडीत अडीच-तीन टन कांदा घालून घाट चढवायचा आणि मग थर्मोस्टॅटवर वाद घालायचा. रेडिएटर, पंखा, गिअर सगळं पासिंगच्या वजनाचा हिशेब धरून केलेलं असतं. 2019 पासून जादा वजनाला 20,000 रुपये दंड आणि वर दर टनाला 2,000, तरी भरतात. कारण भाडं गाडीमागे ठरतं आणि आपण नाही म्हटलं की व्यापारी शेजारच्या गाडीला हाक मारतो. इंजिनाचं बिल मात्र त्याच्याकडे जात नाही.

पुढे लिहिणाऱ्यांनी घाटात हौद्यात किती माल होता, तेही लिहा. वजनकाट्याची पावती असेल तर पावतीवरचा आकडा, अंदाज नको.