‘एकीकरण’, ‘एकात्मता’ की ‘एकात्मीकरण’? प्रादेशिक व्यापाराच्या संदर्भात

प्रश्न

विकसनशील देशांच्या आपापसांतील व्यापारी करारांवरचा एक दीर्घ मजकूर मी मराठीत आणत आहे आणि त्यात पानोपानी येणाऱ्या ‘रीजनल इकॉनॉमिक इंटिग्रेशन’ या संज्ञेपाशी अडलो आहे. मराठीत तिच्यासाठी कधी ‘एकीकरण’, कधी ‘एकात्मता’, तर कधी ‘एकात्मिकीकरण’ असे वाचायला मिळते. या शब्दांत अर्थाचा भेद मानावा का? आणि ‘कस्टम्स युनियन’, ‘कॉमन मार्केट’ यांना कोणते प्रतिशब्द द्यावेत?

उत्तर

भेद मानलाच पाहिजे. ‘एकीकरण’ म्हटले की जर्मनीचे किंवा इटलीचे एकीकरण आठवते, म्हणजे अनेक राज्ये मिळून एक राज्य होणे. 2018 साली किगाली येथे आफ्रिका खंडाच्या मुक्त व्यापार क्षेत्राच्या करारावर सह्या करणाऱ्या देशांना तसे काहीही अभिप्रेत नव्हते. प्रत्येकाचे सार्वभौमत्व, चलन आणि सरहद्द जागच्या जागी राहणार होती. ‘विलीनीकरण’ तर त्याहूनही दूरचे. ‘समाकलन’ हा शब्द गणिताने आपल्याकडे घेतलेला आहे, आणि ‘एकात्मते’ला ‘राष्ट्रीय एकात्मता’ या जोडीमुळे भावनेचा असा रंग चढला आहे की आयात शुल्काच्या चर्चेत तो शब्द अवघडल्यासारखा वाटतो.

माझे मत ‘एकात्मीकरणा’च्या बाजूने आहे. बेला बालासा या अर्थतज्ज्ञाने 1961 साली या संकल्पनेची मांडणी करताना ती एक प्रक्रियाही आहे आणि एक स्थितीही आहे, असे म्हटले होते. इंग्रजीत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाला वाहावे लागतात. मराठीत ते काम प्रत्ययच करतात. भेदभाव दूर करत जाण्याची क्रिया ती ‘एकात्मीकरण’, आणि तो दूर झाल्यावरची अवस्था ती ‘एकात्मता’. त्यामुळे मुळात कोणता अर्थ आहे हे प्रत्येक ठिकाणी आपल्याला ठरवावे लागेल. हा त्रास आहे खरा, पण उपयोगाचा आहे. ‘एकात्मिकीकरण’ मात्र टाळावे. ‘एकात्म’पासून ‘एकात्मीकरण’ सरळ सिद्ध होत असताना मध्ये ‘इक’ घालून शब्द लांबवण्याचे कारण दिसत नाही.

बालासाने केलेला आणखी एक भेदही लक्षात ठेवण्याजोगा आहे. सहकार्यात देशादेशांतील आर्थिक भेदभाव कमी केला जातो, एकात्मीकरणात तो नाहीसा केला जातो. 1985 साली ढाक्यात स्थापन झालेल्या सार्कच्या नावात ‘प्रादेशिक सहकार्य’ आहे, ‘एकात्मीकरण’ नाही. सार्क देशांनी 1993 साली केलेला करारही निवडक वस्तूंवरील शुल्कसवलतींपुरताच होता. मुक्त व्यापार क्षेत्राचा करार 2006 साली अमलात आला, आणि त्यातही प्रत्येक देशाने सवलतीतून वगळलेल्या वस्तूंची ‘संवेदनशील यादी’ राखून ठेवली. अशा ठिकाणी ‘एकात्मीकरण झाले’ असे लिहिणे म्हणजे भाषांतरकाराने करारापेक्षा पुढे धावणे होय.

पुरवणी

‘प्रादेशिक’ या विशेषणाकडेही लक्ष वेधावेसे वाटते. ‘प्रादेशिक भाषा’, ‘प्रादेशिक पक्ष’ यांत ते देशाच्या आतल्या भागाचे वाचक आहे, तर येथे ते अनेक देशांच्या समूहाला लावायचे आहे. शब्द बदलण्याची गरज नाही, परंतु पहिल्याच उल्लेखात ‘शेजारी देशांच्या गटाचे’ अशी फोड केली तर वाचकाची दिशाभूल होणार नाही.

‘कस्टम्स युनियन’साठी जुन्या मराठी लेखनाच्या वळणाने ‘जकात संघ’ म्हणता येईल, कारण त्या काळी ‘संरक्षक जकात’ हा शब्दप्रयोग आयात शुल्कासाठीच होत असे. पुढे ‘जकात’ हा शब्द शहराच्या नाक्यावरील कराला चिकटला. म्हणून आज ‘सीमाशुल्क संघ’ हाच निःसंदिग्ध प्रतिशब्द ठरतो. 1834 च्या जर्मन राज्यांच्या सीमाशुल्क संघाविषयी लिहिताना मात्र मी ‘जकात संघ’ खुशाल वापरीन. तेथे तो शब्द काळाशी जुळतो.

मुक्त व्यापार क्षेत्र आणि सीमाशुल्क संघ यांची गल्लत अनेकदा होते. दोहोंत सदस्य देश एकमेकांच्या मालावरील शुल्क काढतात. पहिल्यात बाहेरच्या मालावर प्रत्येक देश आपापला दर लावतो आणि म्हणूनच माल खरोखर कोणत्या देशात तयार झाला हे ठरवणारे ‘उगमाचे नियम’ लागतात (आग्नेय आशियाई देशांच्या आसिआन गटात साधारणपणे 40 टक्के मूल्य प्रदेशातले असावे लागते). दुसऱ्यात बाहेरच्या मालासाठी सर्वांचा दर एकच असतो.

प्रतिप्रश्न

मग त्या एकाच दराला ‘समान बाह्य शुल्क’ म्हणावे की ‘सामायिक बाह्य शुल्क’? मजकुरात ‘कॉमन एक्स्टर्नल टॅरिफ’ आणि ‘कॉमन मार्केट’ या दोन्ही ठिकाणी ‘कॉमन’ हाच शब्द आहे.

उत्तर

प्रश्न नेमका आहे, कारण मराठीत ‘समान’ म्हणजे सारखे आणि ‘सामायिक’ म्हणजे वाटून घेतलेले, वाड्यातल्या सामायिक विहिरीसारखे. 1910 पासून चालत आलेल्या दक्षिण आफ्रिकी सीमाशुल्क संघात दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, लेसोथो, नामिबिया आणि एस्वातिनी हे देश जमा झालेले शुल्क एका निधीत टाकतात आणि ठरलेल्या सूत्राने वाटून घेतात. लेसोथो व एस्वातिनी यांच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग या वाटपातूनच येतो. तेथे शुल्क खऱ्या अर्थाने सामायिक आहे. मर्कोसुर या दक्षिण अमेरिकी देशांच्या गटामध्ये 1995 पासून दर बहुतांशी एक आहे, पण वसुली ज्याची त्याची, आणि त्यामुळे बाहेरून एका सदस्य देशात आलेल्या मालावर तो दुसऱ्यात नेताना पुन्हा शुल्क लागण्याची तक्रार वर्षानुवर्षे चालू राहिली. तेथे ‘समान’च योग्य. साखर आणि मोटारी या दराच्या चौकटीबाहेर ठेवल्या गेल्या, हे लक्षात घेता ‘समान’ म्हणतानाही हात किंचित आखडताच घ्यावा लागतो.

गंमत अशी की मर्कोसुरच्या नावाचा अर्थच मुळी ‘दक्षिणेची सामायिक बाजारपेठ’ असा आहे. सामायिक बाजारपेठेत मालाबरोबर श्रम आणि भांडवल यांचीही मुक्त ये-जा अपेक्षित असते. मर्कोसुर स्थापन करणाऱ्या 1991 च्या असुन्सिओन कराराने तो पल्ला नावातच गाठला. नावाचे भाषांतर नावासारखे करावे, वर्णन करताना मात्र ‘अपूर्ण सीमाशुल्क संघ’ असे लिहावे.

आणखी एक शब्द

अर्थतज्ज्ञ जेकब वायनरने 1950 साली मांडलेल्या ‘ट्रेड क्रिएशन’ आणि ‘ट्रेड डायव्हर्जन’ या जोडीपैकी पहिल्यासाठी ‘व्यापारनिर्मिती’ ठीक आहे, पण दुसऱ्यासाठीच्या ‘व्यापारविचलना’ला माझा आक्षेप आहे. ‘विचलन’ संख्याशास्त्रात सरासरीपासूनचे अंतर दाखवते. येथे व्यापार स्वस्त विक्रेत्याकडून महाग विक्रेत्याकडे वळतो. समजा, एखादा देश बाहेरून 100 रुपयांचे कापड 20 रुपये शुल्क भरून घेत होता. करारानंतर तेच कापड भागीदार देशातून 110 रुपयांना बिनशुल्क येऊ लागले. ग्राहकाचे 10 रुपये वाचले, सरकारचे 20 गेले, म्हणजे देशाला 10 रुपयांची खोट आली. ज्या देशांचा सरकारी खर्च मुख्यतः आयात शुल्कावर चालतो त्यांना हे ‘वळणे’ फार लागते. म्हणून ‘व्यापारवळण’ हाच शब्द मला पटतो.

1967 चा पूर्व आफ्रिकी समुदाय 1977 मध्ये कोसळला, त्यामागच्या कारणांत हीच सल होती: कारखाने मुख्यतः केनियात, आणि खरेदीदार युगांडा व टांझानिया. त्या करारात तुटीतल्या देशांना भागीदाराच्या कारखानी मालावर ‘हस्तांतर कर’ बसवण्याची मुभा दिलेली होती. तो शब्द आपल्या मजकुरात आला तर ‘ट्रान्सफर’ पाहून मालमत्तेच्या हस्तांतराचा कर समजू नये. तो संघाच्या आत उरलेला, मर्यादित मुदतीचा आयात करच होता.