ट्रकचा पाटा (चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी) तुटला तर ड्रायव्हरच का भरणार?
'रस्ता सोडून गाडी नेली, आता पाट्याचे पैसे पगारातून कापा' हे ड्रायव्हरबद्दल एकानं मांडलेलं मत पटलं नाही. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडे पावसाळ्यात केळीचा ट्रक काळ्या मातीत हौसेनं कोणी घालत नाही. 'बागेपर्यंत आण' म्हणून व्यापारी अडून बसतो. ट्रॅक्टरनं माल डांबरीवर आणायचं भाडं वाचतं ना त्याचं! ट्रकमालकालाही हे फोनवर कळलेलं असतं. मग खर्च त्या दोघांनी वाटून घ्यावा. विम्याच्या भरवशावर राहू नका. गाडी उलटली तर अपघात धरतात, पण नुसता पाटा किंवा एक्सल (चाकांचा दांडा) मोडला तर तो यांत्रिक बिघाड, पॉलिसीतून वगळलेला. ड्रायव्हर स्वतःच्या मनानं, जवळचा रस्ता म्हणून नाल्यात घुसला असेल, तर गोष्ट वेगळी. भाडं ठरतानाच 'गाडी डांबरीपर्यंतच' हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.