लायब्ररीत १९२४ च्या अधिवेशनावर कायच गावंना, असाइनमेंटसाठी कुठून सुरुवात करू?

खानापूर_पॅसेंजर
नमस्कार. मी बेळगावात बीए करतेय, खानापूरहून येऊन-जाऊन. इतिहासाच्या सरांनी असाइनमेंट दिलीय, अडीच हजार शब्द, विषय आपणच निवडायचा पण बेळगावशी संबंध पाहिजे, म्हणून मी १९२४ चं काँग्रेस अधिवेशन घेतलं. विकिपीडिया चालणार नाही, यूट्यूब चालणार नाही, कमीत कमी पाच संदर्भ लायब्ररीतले पाहिजेत आणि प्रत्येकाचा पान नंबर द्यायचा. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर बेळगाव टाकलं तर थोडीच पुस्तकं आली, त्यात किल्ल्यावरचं एक, सीमाप्रश्नावरचं एक, बाकीच्यांचा काही संबंधच नाही. काँग्रेस टाकलं तर एवढी आली की कुठलं बघायचं कळंना. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच त्यामुळं घरी विचारायला कोण नाही, आणि काउंटरवर सारखं जाऊन विचारायला भीती वाटते. कुणी नीट लायब्ररी वापरून असं काम केलं असेल तर सांगा की. इंग्लिश वाचते पण सावकाश.

टिळकवाडी_एमए
विषय भारी घेतलायस गं. पण अडीच हजार शब्दांत अख्खं अधिवेशन कोंबायला गेलीस तर सगळ्यांना माहीत असलेलंच लिहून होणार, २६ आणि २७ डिसेंबर, गांधीजी आयुष्यात ह्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, गंगूबाई हनगल लहानपणी तिथं गायल्या, संपलं. सरांना ते पाठ असणार. त्यातलं एक कायतरी धर. समजा पाणी घे. एवढी माणसं टिळकवाडीत येऊन राहिली त्यांच्या पाण्याची, संडास-सफाईची सोय कुणी आणि कशी केली? काँग्रेस विहीर त्यासाठीच खणलेली, आज आपण तिच्या बाजूनं गाडी घेऊन जातो आणि बघत पण नाही. नाहीतर सुताचं घे, चार आणे वर्गणीऐवजी महिन्याला २००० वार सूत देणारा तो सभासद, ह्यावर बेळगावात शिक्का बसला. किंवा स्वागत समितीचे गंगाधरराव देशपांडे घे, ते आपल्याच जिल्ह्यातल्या हुदलीचे. असा एक प्रश्न वहीत लिही आणि मग कॉम्प्युटरवर बस.

आता हुडकायचं कसं. इंग्लिश पुस्तकांसाठी बेलगाम हे जुनं स्पेलिंग टाक, बेळगावी हे नवीन स्पेलिंग २०१४ च्या नोव्हेंबरपासूनचं आहे, त्याच्या आधीची पुस्तकं त्यात येतच नाहीत. मराठीत बेळगाव, बेळगांव दोन्ही टाकून बघ, एंट्री करणाऱ्यानं कसं टाइप केलंय कोण सांगणार. आणि नुसतं कॉम्प्युटरवर राहू नको, कपाटाजवळ जा. बऱ्याच लायब्ररीत पुस्तकं विषयाप्रमाणं लावायला ड्यूईचे नंबर असतात, ९५४.०३ म्हणजे ब्रिटिश काळ, ९५४.८७ म्हणजे कर्नाटक. पण बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळं आपल्या जिल्ह्याचं बरंच काही ९५४.७९२ ला, महाराष्ट्राच्या कप्प्यात पडलेलं असतं. आमच्या वर्गातली निम्मी पोरं तिकडं फिरकतच नाहीत. चरित्रं-आत्मचरित्रं अजून वेगळ्या कपाटात, ती पण बघ, गंगाधररावांचं आत्मचरित्र मराठीत आहे.

निपाणीचा_ग्रंथपाल
वरती मुलीनं चांगलं सांगितलंय. मी एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून काम केलंय, आता निवृत्त आहे, त्यामुळं काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगतो. बाळ, विचारायला भिऊ नकोस. दिवसभर "पुस्तक जमा करून घ्या", "फाइन किती झाला" एवढंच ऐकणाऱ्या माणसाला कुणी येऊन खरा प्रश्न विचारला तर बरं वाटतं. फक्त "अधिवेशनावर पुस्तक आहे का" असं विचारू नकोस, त्याला उत्तर नाही असंच येणार, कारण त्या नावाचं पुस्तक तिथं नसेल. "१९२४ ला बेळगावात पाण्याची सोय कशी केली ते मला हुडकायचंय, पाच संदर्भ पाहिजेत" असं कागदावर लिहून दे. परीक्षेच्या आणि ॲडमिशनच्या गर्दीत जाऊ नकोस, सकाळी उघडल्या-उघडल्या जा.

आता तुझ्या विषयाचं. महात्मा गांधींचे समग्र इंग्लिश खंड शंभर आहेत, ते रेफरन्स सेक्शनला असतात, घरी मिळत नाहीत, तिथंच बसून वाचायचे. शंभर बघून घाबरू नकोस. तुला पंचविसावा पाहिजे, ऑगस्ट १९२४ ते जानेवारी १९२५. अध्यक्षीय भाषण त्यातच आहे आणि त्या दिवसांतले यंग इंडिया, नवजीवनमधले लेख पण. खंड हातात घेतलास की पहिल्या पानापासून वाचत बसू नकोस, थेट मागची सूची उघड, बेलगाम ह्या नावापुढं पानांचे आकडे असतील ते सगळे वहीत उतरवून घे, मग एकेक पान काढून बघ पाण्याचं, सफाईचं, स्वयंसेवकांचं काय लिहिलंय. देशपांडे, काका कालेलकर ही नावं पण सूचीत बघ. दुसऱ्या काळातले उल्लेख पाहिजे असले तर ९८ वा खंड विषयांची सूची आणि ९९ वा माणसांच्या नावांची. इंग्लिश सावकाश वाचतेस म्हणालीस, मग हे तर तुझ्या सोयीचंच आहे, सगळा खंड वाचावा लागत नाही.

कॉलेजात खंड नसले तर गांधी हेरिटेज पोर्टलवर फुकट आहेत, पण एक सांभाळ. छापील खंड आणि नंतर निघालेली इलेक्ट्रॉनिक आवृत्ती ह्यांचे खंड-नंबर आणि पानं जुळत नाहीत. कुठली आवृत्ती बघितलीस ते संदर्भात लिहीच, नाहीतर सर पान उघडून बघतील आणि तिथं भलतंच निघेल.

दुसरं, बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटिअरचा २१ वा खंड आपल्या जिल्ह्याचा, १८८४ चा. अधिवेशनाच्या चाळीस वर्षं आधीचा आहे म्हणून सोडू नकोस, शहर आधी कसं होतं हे सांगायला तोच लागतो. आणि गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन ये, १८४८ चं आहे ते. तरुण भारत १९१९ पासूनचा, त्या काळच्या फायली कुठं बघायला मिळतील हेही तिथंच विचार.

चिकोडी_एक्स्प्रेस
दोन गोष्टी ॲड करतो. एक म्हणजे एन-लिस्ट. बऱ्याच कॉलेजांनी घेतलेलं असतं आणि पोरांना पत्ताच नसतो, लायब्ररीत आयडी-पासवर्ड मागायचा, मग घरून मोबाइलवर जर्नल्स, ई-बुक्स उघडतात, ईपीडब्ल्यू म्हणजे इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली पण त्यात आहे. दुसरं शोधगंगा, त्याला लॉगिन लागत नाही. कर्नाटकातल्या स्वातंत्र्य चळवळीवरचे पीएचडीचे प्रबंध हुडक, तिथं प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल असते. सगळा प्रबंध डाउनलोड करायच्या भानगडीत पडू नको, शेवटची संदर्भसूचीची फाइल आधी उघड. त्या माणसानं काही वर्षं घालून जमवलेली यादी तुला आयती मिळते, ती घेऊन आपल्या कपाटाजवळ जायचं आणि यातलं आपल्याकडं काय काय आहे बघायचं. मी असंच करतो.

आणि कन्नड सोडू नको हां. ह्या अधिवेशनावर कन्नडमध्ये पण आहे. वाचता येत नसलं तर वर्गात कन्नडवाल्या मैत्रिणी असतीलच की, एकीला घेऊन बस, ती वाचेल तू लिही, तिला मराठीतलं काय लागलं तर तू सांग. आमचा ग्रुप असाच चालतो.

नोट्स काढताना लेखक, पुस्तक, साल, पान हे आधी लिहायचं आणि मग मजकूर. शेवटच्या रात्री पान नंबर हुडकत बसणारी लय बघितलीत हॉस्टेलला.

खानापूर_पॅसेंजर
सगळ्यांना खूप खूप थँक्यू. पाण्याचा आणि सफाईचा प्रश्न धरला. आज सकाळी चिठ्ठी लिहून काउंटरवर दिली, मॅडमनी वाचली आणि स्वतः उठून रेफरन्सच्या कपाटाजवळ आल्या, खंड काढून दिला, वर खिडकीजवळचं टेबल मोकळं करून दिलं. सूचीत बेलगामपुढं खरंच आकडेच आकडे आहेत, अर्धे उतरवले तोवर बसची वेळ झाली. ९५४.७९२ उद्या बघते. एक विचारायचं राहिलं, काँग्रेस विहिरीवर जाऊन बघितलेलं, तिथं लिहिलेलं असाइनमेंटमध्ये चालतंय का?

टिळकवाडी_एमए
चालतंय की, पण तुझ्या पाचात धरू नको, सहावं म्हणून दे, कुठं आणि कुठल्या तारखेला बघितलं ते लिही आणि फोटो शेवटी जोड. तिथला आकडा किंवा तारीख वापरणार असलीस तर खंडातल्या नाहीतर गंगाधररावांच्या आत्मचरित्रातल्या मजकुराशी ताडून बघ, दोन्हीकडं वेगवेगळं निघालं तर दोन्ही दे आणि तसं स्पष्ट लिही. वीरसौध, म्हणजे अधिवेशनाचं स्मारक, बाजूलाच आहे, तेही बघून ये. शनिवारी जाणार असलीस तर सांग, मी पण येते.