रेन ट्रीखाली उभी राहणारी गाडी: चिकट थेंब आणि ओरखडे

सानिका, माहीम:
सोसायटीत जागा नाही, म्हणून गाडी बाहेर रेन ट्रीखाली लावावी लागते. गडद निळी बलेनो, बाबांनी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली. बॉनेटवर आणि टपावर बारीक चिकट थेंब पडतात, त्यावर रस्त्याच्या काँक्रीटच्या कामाची धूळ बसते. धुणारे काका रोज सकाळी ओलं फडकं मारतात. आता उन्हात पाहिलं की गोल गोल ओरखडे दिसतात. सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावतात तो कडक पारदर्शक थर) करून घ्यावं का?

निनाद:
साधं कव्हर घाला. प्रश्न मिटला.

परळचा पेंटर:
सानिकाताई, कव्हर नको. धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर घातलं की वाऱ्याने ते हलत राहतं आणि पॉलिश पेपरसारखं घासतं. कोटिंगही इतक्यात नको.

मी डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. अशा गाड्या येतात तेव्हा मालक झाडाला दोष देतात, पण ओरखडे पडतात ते धुळीवर फिरवलेल्या फडक्याने. रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, अगदी पातळ, साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो आणि काँक्रीटच्या धुळीत वाळूचे कण असतात. म्हणून फडकं लावण्याआधी वरून भरपूर पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्या. पाइप नसेल तर मगाने. मग दोन बादल्या घ्या, एकीत कार शाम्पू, दुसरी फडकं खंगाळायला. टपापासून खाली या. चाकांचं फडकं वेगळं ठेवा. भांड्यांचा साबण वापरू नका, त्याने रंगावरचं वॅक्स, म्हणजे मेणाचा थर, उतरतं. बोअरचं पाणी असेल तर लगेच पुसून कोरडं करा, नाहीतर क्षाराचे पांढरे डाग राहतात.

ते चिकट थेंब बहुधा पिठ्या ढेकणाचे. ही कीड झाडाचा रस पिते आणि गोड चिकटा सोडते. साखरच ती, पाण्यात विरघळते. वाळली असेल तर नखाने खरवडू नका, कोमट पाण्यात भिजवलेलं मायक्रोफायबरचं मऊ फडकं थोडा वेळ वर ठेवा.

कोटिंगने ओरखडे जात नाहीत. आधी रबिंग, म्हणजे पृष्ठभाग घासून गुळगुळीत, करावं लागतं आणि दर रबिंगला क्लिअर झिजतो. म्हणून आधी धुण्याची पद्धत बदला आणि वॅक्स लावा. पावसाळा गेला की कोटिंगचं बघा.

सानिका, माहीम:
पण काकांना एवढं पाणी मिळत नाही. एका बादलीत चार गाड्या पुसतात.

परळचा पेंटर:
मग रोज पुसायला लावू नका. आठवड्यातून दोनदाच, पण नीट धुऊन घ्या. पैसे मात्र पूर्ण महिन्याचे द्या, त्यात त्यांचा काही दोष नाही. मधल्या दिवशी फक्त कबुतरांची घाण, तीही भिजवून अलगद उचलायची. ती त्याच दिवशी काढा, उन्हात क्लिअर खाते.

आणि माहीमला खारा वारा. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात, ती मातीने बुजलेली नाहीत ना, ते पाहा. तिथूनच पत्रा आतून गंजतो.